कुंपणाचं काही ठरेना

आमच्या आणि शेजारच्या घराच्या मधल्या कुंपणाची आखणी आम्ही दोघं दीड वर्ष करत होतो. तेवढ्यात लोक घर बांधून, वास्तुशांत उरकून मोकळे होतात. आमचा एकही खांब उभा राहिला नाही, आणि आज मला तेच दीड वर्ष परत हवं आहे.

शेजारी म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेला, रुळांच्या देखभालीत हयात घालवलेला माणूस. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला मास्तर, कारण मी शाळेत इतिहास शिकवला. दोघांच्याही बायका गेलेल्या. रायपूरच्या आमच्या त्या गल्लीत मराठीत भांडता येईल असे आम्ही दोघंच उरलो होतो. पोरांना मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. हिंदीतही भांडता येतं म्हणा, पण त्याला चव नाही.

कुंपण हवं होतं ते गाईंमुळे. मोकाट गाई माझ्या अंगणातून त्याच्या वाफ्यात शिरायच्या. एका सकाळी त्यानं मला बाहेर बोलावलं. "मास्तर, तुह्या पाहुन्या आल्या होत्या. सारी लालभाजी खाऊन गेल्या. आता कुंपन घालू."

हद्दीचे दोन दगड होतेच, पुढे एक, मागे एक. मधे खुंट्या ठोकायच्या, दोरी बांधायची, खड्डे खणायचे. तासाभराचं काम. पण भाऊ पडला रुळांचा माणूस. उकिडवा बसून, एक डोळा मिटून तो खुंट्यांच्या रांगेकडे बघायचा आणि म्हणायचा, "मधी पोट आलं." मला दोरी सरळच दिसायची. तसं म्हटलं की म्हणे, "तुह्या इतिहासात चालते वाकडंतिकडं. लाइनीत नाही चालत." मग खुंट्या उपटायच्या, परत ठोकायच्या, आणि मधे चहा व्हायचा.

मला बांबू हवा होता, त्याला तार आणि लोखंडी अँगल. बांबू बघायला मी त्याला स्कूटरवर अभनपूरला नेलं, तर हा पठ्ठ्या वांग्याची रोपं घेऊन परत आला. अँगल बघायला उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. ट्रकांच्या धुळीनं दोघंही ओळखू येईनासे झालो होतो. दुकानदारानं किती फूट विचारलं, तर मोजमापाचा कागद कुणाकडेच नाही. मी भाऊवर उखडलो. माझा स्वभावच तसा. तो शांतपणे म्हणाला, "चिडून काहून राहिला? पुन्हा येऊ." कागद माझ्याच खिशात होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण पुन्हा येऊ म्हटल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी तो बाहेर काढलाच नाही.

गेल्या हिवाळ्यात भाऊ न्हाणीत घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगा बेंगळुरूहून आला आणि त्याला घेऊन गेला. गाडीत बसताना भाऊ एवढंच म्हणाला, "दोन महिन्यात येतो. दोरी सोडू नको."

महिन्याभरात मुलगा एकटाच आला. घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. "अंकल, रेडीमेड वॉल लगवा रहा हूँ, एक दिन में हो जाएगी." मी विचारलं, पापा को पूछा? "बाद में बता दूँगा." घर त्यांचं, हद्दही त्यांची. सकाळी सिमेंटचे खांब आणि फळ्या घेऊन ट्रक आला, आणि चार वाजेपर्यंत माझ्या डोक्याइतकी भिंत उभी राहिली. दोरी मीच सोडली. भिंत अगदी सरळ होती आणि मला तिचा भयंकर राग आला.

त्या रविवारी भाऊचा फोन आला. "मास्तर, दोरी हाये ना?"

मी भिंतीसमोरच उभा होतो. "हाये," म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं.

"पोट त नाही आलं?"

"आलं थोडं."

"मले मालूमच होतं. मी आल्याबिगर खड्डे खनू नको."

मग दर रविवारी हेच. तिकडे खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं बांबूचंही मनावर घेतलं, दोन खांबांत किती अंतर ठेवायचं यावर तासभर वाद घातला. मी आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून छड्या दिल्या आणि आता धडधडीत खोटं बोलत होतो. पण भिंतीचं कळलं तर बोलायला आमच्याकडे उरणार काय? तब्येत आणि हवापाणी. दोन रविवारांत फोन बंद पडला असता. मला भाऊ हवा होता, आणि तो एवढ्याच वाटेनं येत होता.

परवा त्याच्या मुलाचा फोन आला, भाडेकरूंच्या नळाचं काहीतरी होतं. मी त्याला विनवलं, बेटा, पापा को दीवार का मत बताना.

तो म्हणाला, "अंकल, फोटो तो मैंने उसी दिन दिखा दिया था. पापा ही बोले, मास्तर को मत बताना कि मुझे पता है."

मी पायरीवर बसलो आणि रडलो. लाज कुणाची वाटायची? बघायला होतं कोण?

काल रविवार होता. भाऊनं विचारलं, "मास्तर, पयला खड्डा कोन्या बाजूनं घ्याचा?"

"तुह्या बाजूनं," मी म्हणालो.