सगुणच्या बारमधली अबोली

सुशीलामावशीने आयुष्यात कुणाचे उपकार घेतले नाहीत, आणि कुणाचे ऐकूनही घेतले नाही. ती आमची शेजारीण. पेडण्याच्या अलीकडे आमचा गाव, गावात देवीचे देऊळ आणि देवळाच्या पायऱ्यांशी मावशीची फुलांची टोपली. नवरा गेल्यावर अबोलीच्या फाती, म्हणजे वेण्या, गुंफून तिने घर चालवले, मुलीला, गौरवीला, शिकवून वाळपईला दिले. जावई म्हणाला, आता आमच्याकडेच येऊन राहा. मावशीने त्याला चहा दिला आणि सांगितले, "माझी बोटां चलतत तवसर नाय."

बोटे चालत होती ती मात्र गोकुळदास वैद्यांच्या औषधावर. सकाळी उठल्यावर तिची बोटे लाकडासारखी आखडलेली असत. वैद्य निगडीचा पाला, सुंठ आणि कसल्या तरी मुळ्या काजूच्या फेणीत महिनाभर मुरवून ठेवत. ते औषध हातांना चोळले की घटकाभराने बोटे वळत. अबोली नाजूक, अर्धवट वळणाऱ्या बोटांना ती दाद देत नाही. गावातल्या बऱ्याच बायका ते औषध नेत, कुणी गुडघ्यांसाठी, कुणी कमरेसाठी. वैद्यांचे दुकान देवळासमोरच होते, त्यामुळे देवीला हात जोडले की बाटली घेऊन घरी.

गोवा राज्य झाले त्याच्या पुढच्या वर्षी अबकारीचा नवा साहेब आला. राज्य नवे, साहेब नवा, उत्साह नुसता उतू चाललेला. त्याने वैद्यांची बाटली हुंगली आणि निकाल दिला: फेणी ती फेणीच, पाला घातला म्हणून तिचे औषध होत नाही. विकायची तर दारूचा परवाना हवा. आणि परवाना मिळणार नाही, कारण समोर देऊळ. त्याच देवळाच्या मागे आम्ही दर वर्षी गावाच्या राखणदार देवाला रोट आणि फेणी देतो. राखणदाराकडे परवाना मागायची साहेबाची छाती काही झाली नाही.

वैद्य भिडस्त माणूस. वाद न घालता त्यांनी सगळ्या बाटल्या बसथांब्यावर सगुणच्या बारमध्ये नेऊन ठेवल्या, कारण परवाना सगुणकडे होता. साहेब म्हणाला, औषध बंद कुठे केले, मिळते की. याचा मला अजून राग येतो.

मिळत होते, पण बारमध्ये. त्या काळी आमच्याकडची बाई बारसमोरून जाताना पदर सावरून पलीकडच्या कडेने चालायची. मग आम्ही नवऱ्यांना धाडले, आणि तिथेच फसलो. बाटल्या घरी पोचेपर्यंत अर्ध्या होऊ लागल्या. ज्यांनी जन्मात गुडघ्याची तक्रार केली नव्हती ते बापये लंगडत बारची वाट धरू लागले. माझा नवराही त्यांतलाच. वाटेत सांडली म्हणायचा, आणि सांडलेल्याचा वास त्याच्या मिश्यांना यायचा. मावशीने शेजाऱ्याच्या हातून बाटली मागवली, ती पाणी घालून पुरी केलेली आली.

एका सकाळी तिची बोटे वळलीच नाहीत. मी गेले तेव्हा ती ओट्यावर फुले पुढ्यात घेऊन बसली होती आणि देवीची फाती अर्धीच राहिली होती. "आता जावय माका वाळपयक व्हरूक येतलो," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते, रडू मलाच आले. मी रडतेय हे पाहून ती चिडली की काय कोण जाणे, पण टोपली कमरेवर घेऊन उठली.

"खंय गे?" मी विचारले.

"सगुणाच्या बारात."

भर सकाळी, सगळ्या थांब्यादेखत ती बारमध्ये शिरली, दाराजवळच्या बाकावर बसली, पैसे देऊन बाटली घेतली आणि हात चोळू लागली. बोटे सुटली तशी तिने तिथेच फाती गुंफायला घेतली. सगुण कावराबावरा झाला. "मावशे, औषध घराकडे व्हरून लाय मगो."

"माझां औषध हयसर विकतत. बोटां हयसर उघडतत. मगे फुलांय हयसरच," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आणखी बायका आल्या. मीही गेले. लोक काय म्हणतील, असे नवऱ्याने विचारले. मी म्हटले, "तुमच्या गुडघ्यांविषयी म्हणतत त्यापरास उणाच."

सगुणचा धंदा बसला. समोर मावशी, काकी आणि सासू बसलेली असताना फेणी घशाखाली कशी उतरणार? शेवटी तोच साहेबाला घेऊन आला.

"बायकांनी इथे बसणे शोभत नाही," साहेब म्हणाला.

मावशीचे हात थांबले नाहीत. "आमी आपणान येवक नाय, सायबा. तुमी आमका हयसर धाडलास."

"दुकान वैद्यांचे, परवाना सगुणचा. यात तुमचा संबंध काय?"

"मी गिऱ्हायक. वैद्यांक विचारलास, सगुणाक विचारलास. औषध ज्याका लागता त्याका कोणी विचारूक नाय."

साहेबाचा आवाज चढला. "अहो, पण तुमचेच पुरुष ती पितात. मग ती दारू नव्हे?"

"वैद्य माणूस बघून देयत, सगुण पैसो बघून देता. औषध वैद्यांकडे होतां तेवा एकाय बापयाचो गुडघो दुखूक नाय. तुमी बारात हाडलास आणि गावभर गुडघे दुखूक लागले."

बाहेर बसची वाट बघणारी माणसेसुद्धा हसली. साहेब लालबुंद होऊन निघून गेला. आम्ही बाक सोडला नाही. रोज जाऊन बसलो, देवीच्या फाती बारमधून देवळात जात राहिल्या आणि पुजाऱ्याने त्या मुकाट्याने घेतल्या.

पावसाळा सरता सरता साहेबाला तोड सापडली. औषधात किराईत घालून ते कडूजहर करावे, म्हणजे कुणी पिणार नाही, आणि चोळायचे औषध म्हणून वैद्यांनी ते आपल्या दुकानातून द्यावे. बाटल्या पुन्हा देवळासमोर आल्या. पहिली बाटली वैद्यांनी मावशीच्या हातात ठेवली आणि पैसे घेईनात. "तुमच्यामुळे परत आली," ते म्हणाले.

मावशीने कमरेची पिशवी सोडली आणि पैसे फळीवर ठेवले.

"नाका वैद्यांनू. फुकट घेतलंय तर पुढल्या खेपेक भांडाक माका तोंड रवाचां नाय."

मग ती पायऱ्यांवर जाऊन बसली, हात चोळले आणि टोपली पुढ्यात ओढली.