'उद्या या' न म्हणणारा टेलर

आमच्या छावणी भागातच काय, अख्ख्या मराठवाड्यात गिऱ्हाइकाला कधीही 'उद्या या' न सांगणारा टेलर एकच झाला, आणि तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी! 'फक्त काजं राहिलीत, उद्या या' या एका वाक्यावर जगभर हा धंदा चालतो. दाजी मात्र कापड हातात घेत, चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "आज व्हत असंल तर ठिवा. नायतर घेऊन जा." सकाळी माप दिलेला माणूस संध्याकाळी नवी प्यांट घालून बाजारात हिंडायचा आणि लोकांना वाटायचं, हा थापा मारतोय. एक नवरदेव चांगला आठवडाभर आधी कापड घेऊन आला, तर दाजी त्याच्यावरच उखडले. "लगीन पुढच्या हप्त्यात? मग आज कशाला आलात वो?" घरातही तोच खाक्या. ताईनं विरजण लावलं की पातेल्याकडे संशयानं बघत म्हणायचे, "लागली का उद्याच्या तयारीला?" मी एकदा म्हणालो, "दाजी, उद्या जेवायला या." ते म्हणाले, "सकाळी इचारा पाव्हणं. तवा तो आज असंल, मग सांगतो."

या सगळ्याचं मूळ बाटलीत होतं. दाजी एके काळी भयंकर प्यायचे. सोडायचेही तितक्याच धूमधडाक्यात! शहराला लागूनच्या सातारा गावातल्या खंडोबापुढं बेलभंडारा उचलून, डोळ्यांत पाणी आणून, जन्मभर शिवणार नाही अशी शपथ घ्यायचे, सगळ्यांना पेढे वाटायचे आणि दिवेलागणीला पुन्हा झिंगलेले असायचे. "जनमभर म्हनलं की छाती दडपती," ते सांगायचे, "आन दडपली की घोट लागतो." मग कुणीतरी त्यांना दारू सोडलेल्या लोकांच्या बैठकीला नेलं. तिथं एक म्हातारा म्हणाला, "जन्माचं राहू द्या, आजचा दिवस निभवा." दाजी त्या वाक्याला जे चिकटले ते चिकटलेच. ताईच्या चेहऱ्यावर रंग आला, मशीन दिवसभर वाजू लागलं.

आणि मग भाचीचं लग्न निघालं! मुलगा सोन्यासारखा, भाचीला मनापासून आवडलेला. त्याचे वडील मूळचे कन्नड तालुक्याचे, आता गारखेड्यात स्थायिक, करड्या मिशांचे आणि त्याहून करड्या आवाजाचे. सुपारी फोडायला सगळे जमले. नारळ, ओटी, सगळी तयारी. तेवढ्यात ते म्हणाले, "याही, तुमच्या दारूचं कानावर हाय. भंडारा उचला, जनमभर शिवणार नाय म्हना, की फोडू सुपारी." आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. एवढंच ना! दाजींनी भंडाऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आज घेतली नाय. आज घेनार नाय. त्याच्या पुढचं माझ्या हातात नाय."

झालं! एकच गोंधळ उडाला. ताई पदराआडून कोपर मारतेय, "अहो, म्हणा की एकदाचं!" दाजी हटले नाहीत. "भंडारा लई बार उचलला मी. खोटं बोलून पोरगी द्यायची नाय." व्याह्यांनी टोपी घातली आणि ते चालते झाले. सुपारी ताटात अख्खीच राहिली. भाची आत जाऊन जी रडायला लागली, ती कुणाचं ऐकेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी सायकलवर टांग मारून थेट गारखेड्याला! व्याह्यांच्या फाटकाशी उभं राहून त्यांनी आवाज दिला, "आज नाय!" आणि सायकल वळवून परत. पाणीसुद्धा घेतलं नाही. मग हा रोजचाच नेम झाला. आधी व्याह्यांनी दार लावून घेतलं. मग खिडकीतून बघू लागले. मग पेपर वाचण्याच्या निमित्तानं ओट्यावर बसू लागले. एक दिवस सायकल पंक्चर झाली आणि दाजींना उशीर झाला. पोचले तर व्याही फाटकाबाहेर, अनवाणी, रस्त्याकडे डोळे लावून उभे! "कुठं व्हता वो?" ते ओरडलेच, "जीव टांगणीला लागला ना माझा!" त्याच दुपारी ते सुपारी खिशात घालून दुकानात आले. तिथंच मशीनच्या फळीवर ती फोडली आणि विचारलं, "पोराचा सफारी कधी देता?" दाजी म्हणाले, "आज."

लग्न दणक्यात झालं. वरातीत कुणीतरी बाटली पुढं केली, तर दाजी तिला वळसा घालून नाचत पुढं गेले! भाचीची पाठवणी झाली, मांडव रिकामा झाला. दाजी खुर्चीत बसले होते. म्हणाले, "पाव्हणं, आता उद्या सकाळी जायाचं कुठं?" आमच्याकडे मूल होईपर्यंत बाप लेकीच्या घरचं पाणीही घेत नाही, रोजच्या चकरा तर लांबच. पण मी दचकलो तो वेगळ्याच कारणानं. त्यांच्या तोंडून स्वतःसाठीचा 'उद्या' मी इतक्या काळानंतर पहिल्यांदाच ऐकला होता.

सकाळी मी धावतच दुकानावर गेलो. दाजी मशीनपुढं हात मांडीवर ठेवून बसलेले, समोर कापड नाही, नजर रस्त्यापलीकडच्या गुत्त्याकडे. एवढ्यात दारात रिक्षा थांबली. करड्या मिशा आधी उतरल्या, मागून व्याही. "रीत तुमच्यावर हाय, माझ्यावर नाय," ते म्हणाले. "बोला याही. आज?"

"आज नाय," दाजी कसंबसं म्हणाले, आणि व्याही तिथंच बाकावर बसून चहाची वाट बघू लागले.

पायांत बळ होतं तोवर व्याही रोज येत राहिले. आता ते नाहीत. दाजींची नजर अधू झालीय, मशीन कापडानं झाकलेलं असतं. सकाळी मी त्यांच्या घरी जाऊन दारात उभा राहतो आणि विचारतो, "आज?" ते म्हणतात, "आज नाय. बसा." चहा होतो. निघताना मी उद्याचं काही बोलत नाही, तेही नाही. पण मी गेल्यावर ताई दाराला कडी लावायला उठली, की ते तिला बसवून ठेवतात, "ऱ्हाऊ दे उघडं, पाव्हणं येतील."