सेलवाला कॅमेरा

रिमोटचे सेल बदलताना मला अजून घाम फुटतो. बहिणीच्या लग्नासाठी जालन्यातून स्वस्तातला डिजिटल कॅमेरा आणताना मी मुद्दाम पेन्सिल सेलवाला निवडला. चार्जिंगची कटकट नको, संपले की गावच्या दुकानात सेल मिळतातच. "दादा, बाकी राहू दे, हार घालतानाचा फोटो तेवढा काढ," एवढंच बहीण म्हणाली होती. नेमका मंगलाष्टकं सुरू झाल्यावर कॅमेरा बंद पडला. धापा टाकत दुकान गाठलं, तर कुलूप. पळत परत आलो, तर दुकानदार मांडवातच उभा, मुठीत अक्षता घेऊन. "काका, सेल पाह्यजेत, जल्दी चला!" "येडा का रे? अक्षता टाकल्याबिगर जागचा हालणार न्हाई. तुझ्याच बहिणीचं लगीन हाय!" तेवढ्यात भोंग्यावर शेवटचं 'सावधान' घुमलं, आमच्या दोघांच्या डोक्यांवर अक्षता पडल्या, अन् तिकडं हार घालूनही झाले. दर भाऊबीजेला मी साडी नेतो. ओवाळून झालं की बहीण ती बाजूला ठेवते आणि तोच फोटो मागते.