पुलाला अकरा मिनिटं

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर राहिलं. डेपोत आणि इमारतीत सगळे त्यांना पावणेसहा म्हणत. शहरातली पहिली बस पहाटे पावणेसहाला सुटते आणि ती वेळ त्यांनी ठरवलेली, म्हणून. एकतीस वर्षं त्यांनी बसची वेळापत्रकं केली. चौकटीचा मोठा कागद, टोकदार पेन्सिल, उभ्या बाजूला थांबे, आडव्या बाजूला मिनिटं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. हजारो माणसं त्या रेघांवरून रोज कामाला जात आणि परत येत. आपण कुणाच्या तरी पेन्सिलीवरून चाललोय हे त्यांच्या गावीही नसे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घराला वेळापत्रक लावून पाहिलं. न्हाणीघराच्या दारावर कागद चिकटवला. घरात माणसं दोनच. त्यातल्या दुसऱ्या माणसानं तो कागद काढून त्याच्या पाठीवर एका मुलीच्या बाहीचं माप लिहून घेतलं आणि विषय संपवला.

हे दुसरं माणूस म्हणजे त्यांची बायको. तिला सगळे काकू म्हणत. काकू शाळांचे गणवेश शिवत. पुढच्या खोलीत खिडकीखाली मशीन, कोपऱ्यात निळ्या कापडाचे तागे, आणि जमिनीवर कायम टाचण्या. त्या घरात पाहुणा चप्पल काढायला जरा कचरतच असे.

दोघांची ओळख भांडणातून झाली होती. पावणेसहा नोकरीला नवे होते. नव्या मार्गाची वेळ ठरवायची तर आधी गाडी चालवून घड्याळ लावून बघायची, याला डेपोत चाचणी फेरी म्हणतात. त्यांनी भल्या सकाळी रिकामी गाडी पळवली, आली ती वेळ कागदावर मांडली, आणि साहेबांची शाबासकी मिळवली. मग ती वेळ गाठायला ड्रायव्हर थांब्यावर धड थांबेनातच. आठवड्याभरानं एक तरणी बाई गणवेशांचं गाठोडं घेऊन डेपोच्या वरच्या मजल्यावर, त्यांच्या खोलीत आली. तिनं ते गाठोडं त्यांच्या कागदावर दाणकन आपटलं.

"सलग तीन दिवस माझ्या नाकासमोरून गेलीय तुमची गाडी. ही बस कुणासाठी आहे हो? ड्रायव्हरला हवा खायला?"

त्यांनी वेळापत्रक बदललं. पुढं तिच्याशी लग्नही केलं. डेपोतले लोक म्हणत, तक्रारीची एवढी दखल कुणी घेतली नसेल.

लग्नात त्यांना एक पत्र्याचा ट्रे मिळाला होता. कुणी दिला ते आठवत नाही. ती म्हणते, तुमच्याकडच्यांनी दिला. ते म्हणतात, तुझ्याकडच्यांनी. ट्रेवर युरोपातल्या एका जुन्या राजधानीचं चित्र होतं. नदी, नदीवर दगडी पूल, पुलाच्या कठड्यावर ओळीनं पुतळे, मागं टेकडीवर किल्ला. एकोणतीस वर्षं त्या ट्रेवरून चहा आला. गरम किटली नेहमी डाव्या कोपऱ्यात ठेवायची सवय, त्यामुळं तिथला रंग उडाला, पत्रा उघडा पडला. पूल डावीकडं जातो आणि एका पांढऱ्या डागात नाहीसा होतो. त्या टोकाला काय होतं हे दोघांनाही आठवेना. नवा होता तेव्हा नीट बघितलंच नव्हतं. तेव्हा एकमेकांकडं बघत होते.

घरात त्या शहराला पुलाचं गाव म्हणत. लेक लहान असताना काकू तिला त्या डागाच्या गोष्टी सांगायच्या. कधी तिथं सर्कस असे, कधी बोलणारा मासा विकणारी म्हातारी. लेक मोठी झाली, नोकरीला लागली, दोन थांबे पलीकडं राहायला गेली. एके दिवशी तिनं फोनवर पुलाचे फोटो शोधून आईसमोर धरले. काकूंनी डोळे गच्च मिटले.

"ठेव तो फोन. बघायचं तर तिथं जाऊन बघेन. नाहीतर डागच बरा."

म्हणून या वर्षी लेकीनं टेबलावर दोन तिकिटं आणून ठेवली. पाच दिवस, पुलाचं गाव.

"मला रजा नाही. तुम्ही दोघं जा," ती म्हणाली. "बाबा, आखणी तुमची. पण आई माणूस आहे, बस नाही, एवढं ध्यानात ठेवा."

पावणेसहांनी ते ऐकलं नाही. ते तोवर चौकटीचा कागद शोधायला उठले होते.

त्यानंतरचे तीन आठवडे त्या घरात नुसता आनंद होता. निवृत्तीपासून माणसाच्या अंगातून काहीतरी गळत जातं, आणि ते कुठं जातं ते कळत नाही. ते सगळं एकदम परत आलं. त्यांनी काकूंच्या डब्यातलं लाल दोऱ्याचं रीळ घेतलं, नकाशावर दोरा वळणावळणानं टाकला आणि अंतरं मोजली. घड्याळाचा मनोरा, थांबा एक. जुना बाजार, थांबा दोन. पूल, थांबा तीन. किल्ला, थांबा चार. पाच दिवसांच्या पाच रेघा. कॉफी, सहा मिनिटं. शौचालय, चार मिनिटं.

"चार?" काकू मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या. "परक्या गावात दार आत ढकलायचं की बाहेर ओढायचं, यातच चार जातील."

"पाच करतो."

"उपकार झाले."

एका शनिवारी पावणेसहा भल्या पहाटे एकटेच चाचणी फेरीला निघाले. पहिल्या दिवसाचं अंतर त्यांनी आपल्याच वस्तीत बसवलं होतं. अग्निशमन केंद्राचा मनोरा म्हणजे घड्याळ, कालव्यावरचा पूल म्हणजे तो पूल, पाण्याच्या टाकीची टेकडी म्हणजे किल्ला. गळ्यात स्टॉपवॉच. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन तास दहा मिनिटांत ते टाकीवर पोचले, वर दोन मिनिटं शिल्लक राहिली. त्या दोन मिनिटांत त्यांनी कमरेवर हात ठेवून खालच्या शहराकडं असं पाहिलं, जणू ते त्यांनीच जिंकलं होतं.

रविवारी दहा वाजता दोघं त्याच वाटेनं निघाले.

पहिल्या कोपऱ्यावर काकूंना एका गॅलरीत नवे पडदे दिसले. "उलटी शिलाई मारलीय बघा. कापड चांगलं, पण शिंपी गाढव." दुसऱ्या कोपऱ्यावर एक मुलगी आईबरोबर चालली होती. अंगात काकूंनीच शिवलेला फ्रॉक. काकू रस्त्यातच खाली बसल्या, फ्रॉकची घडी उलटून पाहिली. "अजून दोन बोटं सोडता येईल. घेऊन या उद्या." मग त्या मुलीच्या आईच्या बहिणीचं लग्न कसं झालं ते ऐकलं. अग्निशमन केंद्रापाशी बंबाच्या चाकाला हात लावून पाहिला. पावणेसहांच्या गळ्यातलं घड्याळ चालूच होतं. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

कालव्यावर आले तेव्हा एक माणूस पुलाचा कठडा रंगवत होता. "हिरवाच का हो?" असं काकूंनी त्याला विचारलं आणि त्यानं आपलं अख्खं नशीब सांगायला घेतलं.

"अगं, आत्ता आपण किल्ल्यात असायला हवं होतं," पावणेसहा हळूच म्हणाले.

"मग जा की. राजाला सांगा, राणी मागून येतेय."

रंगारी हसला. पावणेसहा हसले नाहीत. काकूंनी कठड्याच्या सुक्या भागावर हात ठेवला आणि खाली पाण्याकडं पाहिलं.

"म्हणजे हा पूल म्हणजे आपला पूल?"

"हो."

"याला किती दिलेत?"

"अकरा मिनिटं. अंतर पाचशे मीटर, आपला वेग..."

"अकरा."

त्या ओरडल्या नाहीत. त्यामुळंच त्यांना धसका बसला. पुलाच्या टोकाला दगडी पायरी होती, काकू तिच्यावर जाऊन बसल्या.

"एकोणतीस वर्षं तो ट्रे मी पुसतेय," त्या म्हणाल्या. "रोज दोनदा. रोज त्या कोपऱ्यापाशी फडकं थांबतं. तिथं काय आहे ते बघायला जायचंय मला. किल्ला नको, घड्याळ नको, बाजार नको. आणि तुम्ही अकरा मिनिटं देताय, तीही चालता चालता."

"मधे एक मिनिट थांबा ठेवलाय ना."

"मी येत नाही. तुम्ही जा. तुमची गाडी अगदी वेळेत पोचेल."

घरी जाताना दोघांत चार पावलांचं अंतर होतं. त्यांनी घड्याळ बंद केलं नव्हतं, त्याची टिकटिक त्यांना पहिल्यांदाच नकोशी झाली.

सोमवारी ते आखणीच्या कागदाची गुंडाळी काखेत मारून डेपोत गेले. आपल्या आखणीत चूक नाही हे कुणीतरी जाणत्या माणसानं म्हणायला हवं होतं. वेळापत्रकाची खोली गाड्या धुवायच्या जागेच्या वर. खिडकीतून डिझेलचा आणि ओल्या रबराचा वास येत होता. त्यांच्या खुर्चीत आता त्यांनीच शिकवलेली मुलगी बसते. तिच्यापुढं संगणक असतो, पण पेन्सिल कानावर असते.

"वा सर!" तिनं कागद टेबलावर पसरला. "काय रेघ आहे! अशी हल्ली बघायला मिळत नाही." मग तिचं बोट पहिल्या दिवसावर थांबलं. "ही चाचणी कधी घेतलीत?"

"शनिवारी. पहाटे सहाला."

"बरोबर कोण होतं?"

"मीच."

ओठ दाबून तिनं भिंतीकडं मान वळवली. तिथं एक पिवळी पडलेली पाटी होती. लाल शाईतलं, गाठोडं आपटलं त्याच्या दुसऱ्या दिवशीचं, त्यांचंच अक्षर. *रिकाम्या गाडीची वेळ कधीही धरू नये.*

पावणेसहांनी पाटी वाचली. परत वाचली. मग ते हसायला लागले. आधी नाकातून, मग पोट धरून. ती मुलगीही हसली. खालून गाडी धुणाऱ्यानं ओरडून विचारलं, "काय झालं हो?" तर वरून तिनं सांगितलं, "पावणेसहा साहेबांनी प्रवासी सोडून गाडी काढली!"

"दुसऱ्यांदा," पावणेसहा डोळे पुसत म्हणाले. "आणि तोच प्रवासी."

संध्याकाळी काकू मशीनवर होत्या. त्या बोलत नव्हत्या, पण मशीन बोलत होतं, तेही रागानं. पावणेसहांनी चहा केला. तो ट्रेवर मांडला, किटली मुद्दाम उजवीकडं ठेवली आणि डाव्या कोपऱ्यात घडी घातलेला नवा कागद ठेवला.

काकूंनी पाय थांबवला. कागद उघडला. पाच दिवसांच्या चौकटी होत्या, बहुतेक कोऱ्या. पहिल्याच दिवसाच्या चौकटीत एक आडवी रेघ होती, सकाळपासून अंधारापर्यंत. तिच्यावर लिहिलं होतं, पूल. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. गाडी प्रवाशाचं बघून झाल्यावर सुटेल.

काकूंनी कागदाची परत घडी घातली.

"आणि तुमचा किल्ला?"

"राहू दे. पुलाच्या डाव्या टोकाला उभं राहिलं की तसाही पूर्ण दिसतो."

मशीनच्या चाकावरचा काकूंचा हात थबकला. "तुम्हाला काय माहीत, डाव्या टोकाहून काय दिसतं ते?"

पावणेसहांचे कान लाल झाले.

"बघितलंत तुम्ही! फोनवर बघितलंत!"

"अंतर मोजताना... चुकून..."

"एकोणतीस वर्षं मी डोळे मिटून बसलेय, आणि हे गृहस्थ चुकून बघून आले!" त्यांनी टाचण्यांची उशी उचलली, फेकली मात्र नाही, कारण त्या हसत होत्या. "काय आहे तिथं?"

"सांगू?"

"खबरदार!"

"मग विचारतेस कशाला?"

काकूंनी ट्रे मांडीवर घेतला आणि त्या पांढऱ्या डागावरून अंगठा फिरवला. इतकी वर्षं घासून तो आरशासारखा झाला होता. त्यात खिडकी दिसत होती, आणि एक अस्पष्ट चेहरा.

"एवढंच सांगा," त्या म्हणाल्या. "तिथं बसायला जागा आहे का?"

पावणेसहांनी क्षणभर विचार केला. हे सांगितलं तर सगळं सांगितल्यासारखं होईल का, असा.

"आहे," ते म्हणाले.

"दोघांना?"

"जरा सरकून बसलं तर."

"मग चला. चहा गार होतोय तो प्या आधी, आणि चपला घाला. आपल्या पुलावर परत एकदा जाऊन येऊ. त्या रंगाऱ्याची गोष्ट अर्धी राहिलीय."

त्यांनी सवयीनं खुंटीवरच्या स्टॉपवॉचकडं हात नेला. पण खुंटी रिकामी होती. काकूंनी ते आधीच आपल्या गळ्यात, मापाच्या टेपशेजारी घातलं होतं.