रेडिओवर अर्धा राहिलेला धवला

रेवसच्या बंदरावर मला पोचवायला बाबा एकटेच आले होते. डोक्यावर माझी पत्र्याची पेटी आणि हातात सुक्या जवळ्याची पुरचुंडी. आगबोट अजून खाडीच्या तोंडाशीही आली नव्हती, तरी "आली बग, उठ" म्हणून त्यांनी मला चारदा उठवलं. पोरीनं रडू नये म्हणून त्यांची ती धांदल चालली होती. मी रडतच नव्हते. माझं सगळं लक्ष मिठागराच्या बांधावर होतं, कारण आई यायची झाली तर त्याच वाटेनं येणार होती. आगबोट आली, शिडी लागली, शिडी निघाली, आणि बांधावर शेवटपर्यंत कुणी दिसलं नाही.

तिनं मला काय सांगायचं ते आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. चुलीपुढे बसली होती, फुंकणी हातात होती, आणि माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, "आपले घरची पोर मांडवातून जाते. तशी गेली तं माहेराला येते. तू अशी चाललीस, तं परत येशील ती कोनचे नात्यानं?"

गावच्या बायांनो, तुम्हाला हे बोलणं किती खोल गेलं असेल ते सांगायला नको. पण आपल्यातली कितीतरी माणसं आता परळ-लालबागला राहतात, त्यांची पोरं गिरणीच्या भोंग्यावर उठतात. त्यांच्यासाठी दोन शब्द. माझी आई धवलारीण. आमच्या आगरी लोकांत लग्नाला मांडव पडला की आधी धवलारणीला बोलावणं जातं. देवाला बोलावण्यापासून नवरीला सासरच्या वाटेला लावीपर्यंत सगळं ती गाऊन करते, आणि ते गाणं म्हणजे धवला. मांडव्यापासून पार नागावपर्यंत आईला बोलावणी यायची. लग्नसराईत ती घरी अशी नसायचीच. ज्या घरात मांडव उठायचा, तिथल्या मुलीचं नाव धवल्यात घालून ती गायची आणि त्या घरच्या सगळ्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. आणि तिच्याच घरची मी पोर, नागावचं ठरलेलं स्थळ मोडून, नर्स व्हायला मुंबईला निघाले होते.

मुलात काही खोट नव्हती, त्याला उगीच बोल लावणार नाही. खोट होती ती माझ्या मनात बसलेल्या भीतीत. माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणात गेली. बैलगाडीतून अलिबागला नेईपर्यंत वाटेतच सगळं संपलं. मी गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि काय करायचं ते मला कळत नव्हतं. काय करायचं ते माहीत असणारं माणूस व्हायचं, एवढंच त्या दिवशी डोक्यात बसलं. पुढे अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी मला हाताखाली घेतलं, दोन वर्षं शिकवलं आणि मुंबईला चिठ्ठी दिली. आईला बहिणीचं दुःख माझ्याहून कमी नव्हतं. पण एक मुलगी लग्न होऊन गेली आणि दुसरी लग्न न करता गेली, दोन्ही तऱ्हेनं घर रिकामंच, असं तिला झालं असावं. शिवाय जिच्या स्वतःच्या दारातला ठरलेला मांडव मोडला तिला आपल्या मांडवात कोण बोलावणार? पहिली दोन वर्षं तिला एकही बोलावणं आलं नाही. हे माझ्यामुळे झालं. ते मी कधी विसरले नाही.

मुंबईनं मला आधी बोलायला शिकवलं. मी "पानी" म्हटलं की होस्टेलातल्या मुली खुदूखुदू हसायच्या. मी हट्टानं "पाणी, लोणी, बाळंतीण" घोकत वॉर्डभर फिरायची. ड्यूटी, टर्न, राउंड, चार्ट हे शब्द मात्र चटकन तोंडात बसले, कारण त्यांना घरचं असं नावच नव्हतं. आमच्या मेट्रनबाई गोऱ्या. त्या कडक होत्या, पण संध्याकाळी आपल्या खोलीत ग्रामोफोनवर बँड लावायच्या आणि दार मुद्दाम उघडं ठेवायच्या. मी जिन्यावर बसून ऐकत असे. दिवस गेले, परीक्षा झाल्या, आणि गिरणगावातल्या एका लहानशा सूतिकागृहात मी मुख्य नर्स झाले. आता मीच इतरांवर ओरडते आणि मला ते चांगलं जमतं.

बाबा वर्षातून दोनदा यायचे. वाल, तांदूळ आणि आमच्या मिठागराचं मीठ घेऊन पायरीवर बसायचे. मी विचारलं की एकच उत्तर, "आई बरी हाय." तिनं काही सांगितलंय का, हे मी विचारायचं सोडून दिलं होतं. गावाला जाणं काही अवघड नव्हतं, आगबोट रोज सुटायची. पण दारात जाऊन उभी राहिले आणि तिनं पाट मांडला नाही तर? त्या भीतीनं मी दहा वर्षं गेले नाही.

मग रेडिओ आला. मुंबईच्या रेडिओ केंद्रावर दर आठवड्याला एखाद्या नामवंत व्यक्तीला बोलावत. त्यांनी आपली जीवनकथा सांगायची आणि मधे मधे आपल्या आवडीच्या चार तबकड्या लावून घ्यायच्या. केंद्रावर बायकांचे कार्यक्रम सांभाळणाऱ्या एक बाई आमच्याकडे बाळंत झाल्या होत्या, त्यांनी माझं नाव घातलं. माझ्या आधीच्या आठवड्यात एक नामांकित संगीतनट आले होते आणि पुढच्या आठवड्यात एक पहिलवान यायचे होते. दोघांच्या मधे मी. नामवंत म्हणे! मी हसले, पण हो म्हटलं, आणि त्याच दिवशी बाबांना कार्ड टाकलं. मांडव्याला एका शेटजींच्या बंगल्यात बॅटरीवर चालणारा रेडिओ होता आणि तिथला माळी आमच्या गावचा. आईला घेऊन या, असं मी लिहिलं नाही. वार आणि वेळ तेवढी लिहिली.

तीन तबकड्या पटकन ठरल्या. एक नाट्यगीत, एक अभंग, एक मेट्रनबाईंचा बँड. चौथीला अडलं. माझ्या सगळ्यांत आवडीचं गाणं धवला, आणि धवल्याची तबकडी कोण काढणार? त्या बाई म्हणाल्या, मग तुम्हीच गा की चार ओळी, शेवटी घेऊ. मी घाबरत कबूल झाले.

रेडिओ केंद्रातल्या त्या खोलीच्या भिंतींना जाड कापड लावलेलं, एका भिंतीत मोठी काच. कागदाचा आवाज करू नका, खोकू नका, घड्याळाकडे बघू नका, असं सगळं बजावलेलं. मी लिहून आणलेलं शुद्ध मराठीत वाचून दाखवलं. बहिणीची गोष्ट वाचताना आवाज हलला, पण सावरले. तबकड्या झाल्या. मग मी डोळे मिटले आणि हळदीचा धवला धरला.

"पहिली हलद गो गावच्या देवाला,
दुसरी हलद गो मांडवाच्या मेढीला,
तिसरी हलद गो..."

आणि इथं नवरीचं नाव लागतं. नाव घातल्याशिवाय ती ओळ पुरीच होत नाही. याचा मी आधी विचारच केला नव्हता! थांबायला वेळ नव्हता, आणि तोंडातून निघून गेलं, "चांगुना नवरीला." माझंच नाव. मी डोळे उघडले तर काचेपलीकडचा माणूस दोन्ही हातांनी खुणा करत होता, वेळ संपली. इतक्या वर्षांची वॉर्डातली शिस्त, वरून खूण झाली की थांबायचं. मी थांबले. बाईंनी आभार मानले, पुढे बाजारभाव सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारचा राउंड चालू असताना दारात बाबा दिसले, आणि त्यांच्या मागे आई. दहा वर्षांत केस पांढरे झाले होते आणि ती माझ्या आठवणीतल्यापेक्षा बुटकी वाटली. मी चार्ट ठेवून दोघांना बाहेरच्या बाकाशी नेलं. ती मात्र बसायच्या आधीच सुरू झाली, "आगो, पोरीला हलद लावलीस नी मांडवात तशीच बसवून उठलीस? ही कुठली रीत? धवला अर्धा ठेवाचा नाय. नवरीला बाधतो."

बाबांनी मागाहून सांगितलं. आई बंगल्याच्या कुंपणाबाहेर, रेडिओकडे पाठ करून बसली होती. मी माझं नाव घातलं तेव्हा ती उठून उभी राहिली. गाणं तुटलं तेव्हा तिनं माळ्याला विचारलं, आता पुढचं कवा लावतील? लावणार नाहीत म्हणाल्यावर ती घरी जाऊन हळद कुटत बसली.

"नवरा नाय गो माझा," मी म्हटलं. किती वर्षांनी मी घरच्या बोलीत बोलले, माझं मलाच कळलं नाही.

"ठावं हाय," ती म्हणाली. "पन धवल्याला कोन सांगनार?"

तिनं पदराची गाठ सोडली, कुटलेली हळद तळहातावर घेऊन पाण्यात कालवली. चौथी हळद सासरच्या उंबऱ्याला लागते आणि तिथं त्या घराचं नाव घ्यावं लागतं. आई तोंड उघडून तशीच थांबली. उभ्या आयुष्यात तिचा धवला अडलेला मी पाहिला नव्हता. तेवढ्यात आत एक बाळ रडायला लागलं आणि माझे पाय सवयीनं तिकडे वळले. आईनं ते पाहिलं. ती बाळंतिणींच्या खोलीच्या उंबऱ्याशी खाली बसली, त्यावर हळदीची पाच बोटं उठवली आणि खड्या आवाजात म्हणाली,

"चौथी हलद गो बालंतिनींच्या घराला,
चांगुना नांदते, देवा, त्या घराला."

खाटांवर चारपाच बायका आपल्याकडच्या होत्या. ओल्या बाळंतिणी, पण त्यांनी ओळ झेलली. मेट्रनबाई असत्या तर आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं असतं. मी भिंतीला टेकून लहान पोरीसारखी रडले. आईनं उरलेली हळद माझ्या गालांना लावली, हात माझ्याच एप्रनला पुसले आणि म्हणाली, "पाचवे दिसाला मांडवपरतनीला ये. वालाचं बिरडं करते."

मांडवपरतणी म्हणजे लग्नानंतर मुलीनं पहिल्यांदा आईच्या घरी यायचं. माझ्यासारखे जे कोणी आगबोटीत बसून निघाले, त्यांना मी एवढंच सांगेन की मागे राहिलेल्यांचा राग आपण समजतो तितका पक्का नसतो. त्यांनाही आपल्याला बोलवायचं असतं. कुठल्या रीतीनं बोलवावं ते त्यांना सापडत नसतं, इतकंच. मुंबई आता माझं घर आहे, हे मी न लाजता म्हणते. ते म्हणता आल्यावरच गावाचा रस्ता मला मोकळा झाला.

त्याच संध्याकाळी रजेचा अर्ज लिहिला. आमच्या कारकुनांनी तो वाचला, चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, आणि माझे पिवळे गाल बघून शिक्का मारला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं होतं, "माहेरी जाणे."