लग्नाच्या सीडीसाठी निळं पाणी

वसईतल्या सांडोरला मी राहायचो ती खोली घराच्या मागे, केळीच्या वाडीला लागून होती. पूर्वी तिथं पाणी ओढायचं इंजिन आणि खताच्या गोणी असायच्या. मी हिंगोलीकडचा, नववीतून शाळा सोडलेला. गावच्या एका ट्रक ड्रायव्हरनं मला वसईजवळ हायवेवरच्या रेडिएटर दुरुस्तीच्या गॅरेजात चिकटवलं आणि गॅरेजच्या उस्तादांनी ओळखीनं ही खोली मिळवून दिली. तेव्हापासून माझ्या जिवाला एकच घोर असायचा, की ही खोली आपल्या हातून जायला नको. नळ सोडताना मी विचारायचो, दोरीवर कपडे टाकताना विचारायचो. घरमालकीण मावशी वैतागून म्हणायची, "अरे बाबा, श्वास पन विचारून घेशील काय?"

मावशी, काका आणि त्यांची एकुलती मुलगी, एवढंच घर. मुलगी माझ्याच वयाची असेल, पण मी तिला ताई म्हणायचो आणि ती मला दादा. तिनं वसईत एका क्लासला व्हिडिओ जोडायचं शिक्षण घेतलं होतं आणि पुढच्या खोलीत, पवित्र मरीयेच्या तसबिरीखाली, तिचा कंप्युटर होता. तेव्हा लग्नाच्या कॅसेटी मागे पडून सीडी आल्या होत्या. शेजारच्या आळीतल्या एका लग्नाचं काम तिला मिळालं. तिचं पहिलंच. नवरी नवऱ्याबरोबर कुवेतला निघायची होती आणि जाताना तिला सीडी हवी होती.

मे महिना होता. वसईच्या मे महिन्यात माणूस सावलीत बसूनसुद्धा भिजतो, मग त्या कंप्युटरच्या डब्याचं काय. ताई सगळे तुकडे जोडायची आणि त्यांचा सलग पिक्चर तयार व्हायला लावायची. त्याला ती रेंडर म्हणायची. डबा काही वेळ घरघरायचा, तापायचा आणि फट्कन बंद. झाकण काढून टेबलफॅन लावला, खिडकीत ओलं पोतं टांगलं, तरी तेच. त्यात कळलं की कॅमेरावाल्यानं मूळ टेपवर दुसरं लग्न घेऊन टाकलंय. म्हणजे ते सगळं लग्न, नवरीच्या आज्याच्या नाचासकट, आता फक्त त्या तापणाऱ्या डब्यात उरलं होतं.

"डबा जळला तर मी त्या घरात तोंड कसं दाखवू?" ताई म्हणाली. ती सहसा असं बोलणारी नव्हती.

एका रविवारी तिनं सायबर कॅफेतून काही पानं छापून आणली. इंग्रजीत होती. मी भाडं द्यायला गेलो होतो, दारातूनच माझी नजर चित्रांवर गेली.

"ताई, हा रेडिएटर आहे ना?"

"तुला कसं कळलं?"

"दिवसभर तेच तर करतो."

ती वाचून सांगत गेली, मी चित्रं बघत गेलो. परदेशात हौशी लोक कंप्युटरमध्ये पाणी फिरवतात. तापणाऱ्या भागावर तांब्याची पोकळ डबी बसवायची, तिच्यातून पाणी न्यायचं, ते गरम पाणी रेडिएटरमध्ये गार करायचं आणि परत पाठवायचं. गाडीच्या इंजिनाचंच गणित, फक्त लहान. तिला डब्यातलं कळत होतं, मला पाण्यातलं. दोघांच्या मधली जागा आम्हाला बोलून बोलून भरायची होती.

उस्तादांकडे भंगारात गाड्यांचे हीटर पडलेले असायचे. हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो. मी घाबरत घाबरत एक मागितला. ते म्हणाले, "ले जा. वसईत हीटर लावून कोण फिरतो? इथं माणूसच हीटर आहे." कशासाठी हवाय ते सांगितल्यावर मात्र त्यांनी हातातली झाळायची पेटती गॅसबत्ती बंद केली. "कंप्युटर में पानी? तेरा दिमाग ठीक है ना?" मग त्यांनीच भंगारातून तांब्याचा जाड पत्रा शोधून दिला आणि जेवणाच्या सुट्टीत डबीचे सांधे झाळताना माझ्या शेजारी उकिडवे बसून राहिले.

पंप माशांच्या पेटीचा. रेडिएटरमागे वारा मारायला एक छोटा पंखा. पाणी बॅटरीत घालतात ते, गॅरेजातलं. पाणी साठवायला मावशीनं लोणच्याची बरणी दिली. ती कितीही धुतली तरी पंप सुरू झाला की पुढच्या खोलीत मोहरीचा वास यायचा. डब्याचं एक बाजूचं झाकण मी कापलं आणि आतलं दिसावं म्हणून तिथं पारदर्शक प्लास्टिक बसवलं. गॅरेजशेजारच्या पेंटरनं उरलेला पोपटी रंग मारून दिला. तो रंग खरं तर एका टेम्पोचा होता.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. रेडिएटर झाळून झाला की तोंडं बंद करून आत हवा भरायची आणि तो पाण्यात बुडवायचा. बुडबुडा आला की सांधा कच्चा. मी सगळी जोडणी वाडीतल्या विहिरीजवळच्या हौदात बुडवली आणि पोटावर पडून बघत राहिलो. काका केळीला पाणी सोडत होते.

"काय शोधतोस? खेकडे?"

"बुडबुडा, काका."

"कंप्युटर झाला तुमचा. आता त्यात केळी पन लावा. पानी आहेच."

बुडबुडा आला नाही. तरी डबीच्या एका सांध्याबद्दल माझं समाधान होईना. बॅटरीच्या पाण्याला रंग नसतो, गळलं तर दिसणार कसं? कपडे धुवायच्या दगडाजवळ मावशीची निळीची बाटली होती. तिच्यातले थेंब मी बरणीत सोडले. पंप लावला आणि पारदर्शक नळ्यांतून निळं पाणी चढत गेलं, पोपटी डब्याच्या आत वळसा घेऊन परत आलं. मावशी पदराला हात पुसत बघत राहिली. "मरीयेच्या शेल्यासारखा रंग आलाय," ती म्हणाली.

ताईनं डबा सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यात आतल्या तापमानाचा आकडा दिसायचा. तो थोडा चढला आणि थांबला. आम्ही दोघं त्याच्याकडे दूध उतू जाईल म्हणून बघतात तसे बघत बसलो. तो पुढे चढलाच नाही. ताईनं माझ्या पाठीत असा धपका मारला की माझ्या हातातला पाना खाली पडला. त्या संध्याकाळी मी एसटीडी बूथवरून गावी फोन केला. आई म्हणाली, "मशिनीला पाणी पाजायलास होय रं? पाज बाबा. उन्हाळ्यात कुणालाबी तहान लागतीच की."

नवरी निघायच्या दिवशी सकाळी ताईनं सगळ्या पिक्चरचं रेंडर लावलं. संध्याकाळी नवरी सीडी घेऊन तशीच विमानतळावर जाणार होती. मी गॅरेजातून सुट्टी घेऊन डब्याशेजारी बसलो होतो. डोळे सतत सांध्यांवर.

आता मावशीच्या घरची एक पद्धत होती. घरात नवीन काही आलं की फादर येऊन पवित्र पाणी शिंपडून आशीर्वाद देत. काकांच्या पंपाला दिला होता, फ्रीजला दिला होता. फादर त्या सकाळी शेजारी एका आजाऱ्याला भेटायला आले होते. मावशी त्यांना घेऊनच आली. "पोरांनी नवीन मशीन केलीय फादर, दोन शब्द म्हना."

त्यांना नीट दिसावं म्हणून मी बाजूचं झाकण काढून ठेवलं. फादरांनी वाकून निळ्या नळ्या बघितल्या. "आतून पाणी, वर परत माझं पाणी," ते म्हणाले, "इतकं बिनधास्त मी फक्त होडीवर शिंपडतो." सगळे हसले. प्रार्थना झाली, आम्ही डोळे मिटून उभे राहिलो. मला ती पाठ नव्हती, पण मी मनात माझ्या परीनं म्हटली. मग मावशी चहा करायला आत गेली.

मी परत खाली बसलो. डब्याच्या तळाला थेंब होते. बरोबर त्या सांध्याखाली, ज्याची मला पहिल्यापासून धास्ती होती.

मी भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला.

"दादा, काय केलंस?" ताई ओरडली नाही, हळूच म्हणाली. त्यानं मला जास्त भीती वाटली. निम्म्याहून जास्त रेंडर झालं होतं, ते गेलं.

"पाणी आहे खाली," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर लग्न, आज्याचा नाच, माझी खोली, सगळं एकदम वाहून चाललं होतं. मी सांधा चाचपला. कोरडा. दुसरा चाचपला. तोही कोरडा. शेवटी खिशातला पांढरा रुमाल काढला आणि एक थेंब टिपला. रुमाल ओला झाला, पण पांढराच राहिला.

"हे आपलं नाही," मी म्हटलं.

"मग कोनाचं?" दारात उभे असलेले काका म्हणाले.

आमच्या सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या. फादर खुर्चीत बसले होते, हातात मावशीनं नुकताच आणून दिलेला चहा. त्यांनी कप खाली ठेवला. "माझं असावं," ते म्हणाले.

आधी मावशी हसली. मग काका. काकांना मी तसं हसताना कधी बघितलं नव्हतं, त्यांना दाराची चौकट धरावी लागली. ताई हसत होती आणि डोळे पुसत होती. मला मात्र हसावं की माफी मागावी कळेना, म्हणून मी दोन्ही करत होतो. फादर चहा टाकून उठले आणि डब्याशेजारी माझ्याबरोबर उकिडवे बसले. मावशीनं ताईचा केस वाळवायचा ड्रायर आणला. इतके दिवस आम्ही जो डबा गार करायला धडपडत होतो, त्याच्यावर फादर गरम वारा मारत होते आणि मी रुमालानं कोपरे टिपत होतो.

डबा सुरू झाला. लग्न जागेवर होतं. पण वेळ गेला होता. ताईनं घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे. "डब्याचा स्पीड वाढवला तर वेळेत पोचू. पण तापेल. तुझं पाणी धरेल?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी बरणीकडे बघितलं, नळ्यांकडे बघितलं. "धरेल," मी म्हटलं, आणि लगेच पुढे, "बहुतेक."

तिनं वाढवला. कोपऱ्यातला आकडा चढला, आणि मग तो थांबला. रेडिएटरच्या पंख्यातून गरम वारा येत होता. मी त्याच्यासमोर हात धरून बसलो आणि मला तो वारा गॅरेजातल्या वाऱ्यासारखा, ओळखीचा वाटला.

नवरी आली तेव्हा टॅक्सी गल्लीत उभी होती आणि सीडी नुकतीच निघाली होती, हाताला कोमट. बरोबर नेण्याआधी नीट लागते का बघायला ती काकांच्या टीव्हीवर लावली. आज्याचा नाच आला तशी नवरी रडायला लागली आणि हसायलाही. टॅक्सीवाला हॉर्न मारत होता, म्हणून ताईनं पुढे पळवत शेवटचा भाग दाखवला. काळ्या पडद्यावर अक्षरं वर सरकत होती. कॅमेरा, त्याच्यापुढे कॅमेरावाल्याचं नाव. जोडणी, त्याच्यापुढे ताईचं. आणि सगळ्यांत खाली, पाणी, त्याच्यापुढे माझं, आडनावासकट. ताईनं हे कधी लिहिलं मला माहीत नव्हतं.

मी नीट बघेपर्यंत ते वर सरकून गेलंसुद्धा. मी नेहमीसारखा विचार करत होतो, की परत दाखव म्हणून विचारलेलं चालेल का, नवरीला उशीर होईल का.

"मागं घे जरा," काका म्हणाले. "एवढं भरभर गेल्यावर मानसानं वाचायचं कसं?"

ताईनं मागं घेतलं. टॅक्सीवाला थांबला.