छत्तीसच्या रोलमध्ये बेचाळीस

डिजिटल कॅमेरा गळ्यात आला आणि मी कलावंत झालो. तोवर मी बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करणारा आणि सरावलीत दोन खोल्यांत राहणारा साधा माणूस होतो. आता मी सुट्टीच्या दिवशी शिरगावच्या किल्ल्यावर जाऊन बुरुज, बकऱ्या आणि बुरुजावरच्या बकऱ्या असे चारचारशे फोटो काढायला लागलो. त्यातले बहुतेक मी स्वतःसुद्धा पुन्हा उघडून बघितले नाहीत. उरलेले लोकांना धरून धरून दाखवले. मागचं सगळं पुसट का आलंय, असं बायकोने विचारलं. तिला काय कळतंय, म्हणून मी सोडून दिलं.

वर्षभरात मला डिजिटलचा वीट आला. म्हणजे इंटरनेटवरच्या लोकांना आला, म्हणून मलाही आला. खरी फोटोग्राफी फिल्मवरच, असं मी कँटीनमध्ये ठणकावून सांगायचो. तोपर्यंत मी फिल्मचा रोल हातातही धरला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

पालघरला एक जुने स्टुडिओवाले होते. एके काळी पंचक्रोशीतल्या लग्नांचे फोटो त्यांनीच काढलेले. आता पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन. मी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसायला लागलो. त्यांनी आपला फिल्मचा कॅमेरा मला वापरायला दिला. त्यात डोळा लावला की एका कडेला बारीक काटा दिसायचा. तो मधोमध आला की उजेडाचं माप बरोबर. हे मला फार आवडलं. मग त्यांनी रोल भरायला शिकवलं. रोलचं टोक पलीकडच्या फिरकीत नीट अडकवायचं, झाकण लावायचं आणि लिव्हर ओढताना डावीकडची चकती फिरते का ते बघायचं. ती फिरली नाही तर आत रोल सरकतच नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी त्या वेळी माझ्या डिजिटलवर त्यांच्या सुरकुतलेल्या हातांचे फोटो काढण्यात दंग होतो. फोटो फार सुंदर आले.

त्याच सुमारास चिंचणीच्या माझ्या चुलत्यांनी होडी विकायला काढली. काकांचे गुडघे गेले होते आणि मुलगा कंपनीत लागला होता. डहाणूच्या पुढचा एक माणूस सोमवारी सकाळी होडी न्यायला येणार होता. हे कळल्यावर काकीने एकच गोष्ट मागितली. होडी जायच्या आधी तिला एकदा तिच्यावर चढायचं होतं, आणि चढल्याचा फोटो हवा होता.

आमच्या घरात बायका होडीवर चढत नाहीत. का, ते कुणालाच सांगता येत नाही. विचारलं तर पुरुष चिडतात. काकीने तीस वर्षं त्या होडीची जाळी सांधली, तिची मासळी डोक्यावरून बाजारात नेली, नारळी पुनवेला खाली उभं राहून तिची पूजा केली. पाय मात्र कधी ठेवला नाही. काका दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कबूल झाले, पण एका अटीवर. मोबाईल नको, आणि मोबाईलला जोडतो तो माझा कॅमेराही नको. गावाच्या ग्रुपवर गेलं की झालंच. कागदावर फोटो एकच निघणार आणि तो काकीच्या ट्रंकेत राहणार.

मी तर हरखलोच. अख्ख्या खानदानात फिल्म कॅमेरावाला मी एकटा! ब्लॅक अँड व्हाइटचा छत्तीस फोटोंचा रोल मागवला आणि रविवारी दुपारी, किनारा सुना असताना, चिंचणीला गेलो.

काकी चढली. काकांनी हात दिला. मी वाळूत गुडघे टेकले, उठलो, पालथा पडलो. काका उन्हात घामाघूम होऊन चला आता, चला आता करत होते. मी त्यांना गप्प बसवलं. काटा मधोमध आणायचा, होडीची कड स्पष्ट करायची, कळ दाबायची, लिव्हर ओढायची. लिव्हर लोण्यासारखी ओढली जात होती. छत्तीस झाले, सदतीस झाले, तरी रोल संपेना. जुन्या काळी कंपन्या किती सढळ हाताने द्यायच्या, असं मला कौतुकाने वाटलं. बेचाळीसला मीच दमून थांबलो. सोमवारी होडी गेली.

पुढच्या रविवारी स्टुडिओवाल्यांनी मागच्या अंधाऱ्या खोलीत रोल धुतला आणि बाहेर आणून उजेडाकडे धरला. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ, आरपार, एकही फोटो उमटलेला नाही. ते रागावले नाहीत. चकती फिरत होती का, एवढंच त्यांनी विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तसाच चिंचणीला गेलो. काका ओट्यावर होते. त्यांना सांगितलं, तर बरंच झालं म्हणाले आणि खरोखर सुटल्यासारखे आत चहा सांगायला गेले. काकी मागे बोंबील वाळत घालत होती. मी कॅमेऱ्याचा दोष, रोलचा दोष असं काहीबाही सुरू केलं, मग लाज वाटून खरं ते सांगितलं. माझीच चूक.

तिने हातातला बोंबील दोरीवर टाकला.

"म्हंजे मी चढले ते कोणाला दिसनार नाय."

"नाही."

"तू तं बगत होतास ना? चांगला तासभर."

"हो."

"मग सांग. कशी दिसत होते मी?"

छान, असं मी म्हणालो. ती पुढच्या शब्दाची वाट बघत राहिली. मी आणखी एकदा छान म्हणालो.

"साडी कंची होती?"

मी डोळे मिटून आठवायला लागलो. काटा आठवला, अगदी मधोमध. होडीची कड आठवली, दोरखंडाचा पीळ आठवला, काकांच्या सदऱ्यावरचा घाम आठवला.

"हिरवी," मी म्हणालो.

"जांभळी," काकी म्हणाली, आणि टोपलीतून दुसरा बोंबील उचलला.